जीर्ण कीं भग्न?

भाडेकरू जागा सोडावयास निघाला कीं, कालपर्यंत त्यास आग्रहानें चहा पाजणारे घरमालक भिंतीवरील डाग मोजूं लागतात, आणि अनामत रकमेंतून साऱ्या घराच्या रंगाचा खर्च वजा होतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या माडीवर बिऱ्हाडकरू असतात आणि त्यांचेच चिरंजीव परगांवीं दुसऱ्याचे बिऱ्हाडकरू असतात. तेव्हां हा प्रश्न त्यांनीं दोन्ही बाजूंनीं पाहणें प्राप्त आहे.

काळाच्या ओघानें आपोआप झिजतें तें जीर्ण. ‘भग्न’ म्हटलें मात्र कीं ‘कोणीं मोडलें?’ हा प्रश्न लागलीच उभा राहतो. कर्मणि प्रयोगाचा हा गुणच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें १०८ वें कलम याच भेदावर उभें आहे. करारांत निराळें ठरलें नसल्यास, भाडेकरूनें जागा घेतेवेळीं होती तशा चांगल्या स्थितींत परत करावयाची. मात्र वाजवी झीज व अनिवार्य आपत्ति यांमुळें झालेला फरक त्याच्या माथीं नाहीं. हल्लींचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात, तेथें करारांतील शब्द प्रमाण, पण झिजेचा हा अपवाद त्यांतही बहुधा लिहिलेला असतो.

उन्हानें विटलेला रंग, ओट्यापुढची झिजलेली फरशी, सैल पडलेली बिजागरी हीं सारीं जीर्ण. खलबत्त्यानें फुटलेली फरशी, विचारल्यावांचून फळीसाठीं फोडलेली भिंत हीं भग्न. फोडणीच्या धुरानें पिवळटलेली भिंत आम्ही झिजेंतच धरूं. घर दिलें तें स्वयंपाक करण्यासच ना? ओलीचें प्रकरण मात्र अवघड. गच्ची गळून आलेली ओल मालकाची. पण मोरीचा नळ महिनोन्‌महिने ठिबकत असतां मौन धरणाऱ्या भाडेकरूस काळाकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

शिवाय रंगालाही वय असतें. पांच वर्षांपूर्वींच्या भिंतीवर एक ओरखडा उठला म्हणून नव्या रंगाची सबंध किंमत घेणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यानें तर भिंतींची सफेती आणि दारेंखिडक्यांचा रंग मालकाकडे, आणि नळाचे वॉशर व खिडक्यांच्या कांचा भाडेकरूकडे सोंपविल्या आहेत. राज्यानें स्वीकारल्यावांचून तो लागू होत नाहीं, तरी करार लिहितांना ही वांटणी नजरेसमोर ठेवण्यास हरकत नाहीं.

‘घेतेवेळची स्थिति’ ठरवावयाची कशी, यावरच खरा तंटा होतो. यास्तव किल्ली देतांना दोघांनीं मिळून घर फिरावें, तारखेसह यादी करून उभयतांनीं सही करावी, मोबाइलवर छायाचित्रें घ्यावींत. नळ किती एवढेंच नव्हे, तर गळतो कोणता हेंही लिहावें. आणि भिंतीस तडा असेल तर तो फूटपट्टीनें मोजून.