पाकोळ्यांची वाट : एका तैलचित्राविषयी

जाकोमो बाल्ला (१८७१-१९५८) या इटालियन चित्रकाराने १९१३ साली काढलेले एक तैलचित्र न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयात आहे. त्याचे शीर्षक मराठीत 'पाकोळ्या : गतीचे मार्ग + गतिमान क्रम' असे करता येईल, त्यातील अधिकचिन्ह आमचे नव्हे, मूळ शीर्षकातलेच आहे. पक्षिचित्र म्हणून ते पाहावयास जाणाऱ्याची प्रथम निराशाच होते. डोळा, चोच, पिसे यांपैकी काहीही हाती लागत नाही. कोयत्याच्या पात्यासारख्या गडद आकृतींच्या रांगा, त्यांमधून लाटेप्रमाणे वाहत गेलेल्या वक्र रेषा आणि मागे खिडकीच्या झडपांचा भास देणारे उभे पट्टे, एवढेच दिसते.

पाकोळी आपल्याही परिचयाची आहे. जुन्या इमारतींच्या आढ्याखाली आणि पुलांच्या पोटाशी तिची घरटी असतात. युरोपात उन्हाळ्यापुरती आफ्रिकेतून येणारी जात निराळी असली तरी कुळ एकच. तिचे पाय इतके आखूड असतात की शास्त्रज्ञांनी दिलेल्या 'एपस' या नावाचा ग्रीक अर्थच 'पाय नसलेला' असा आहे. विणीचा काळ वगळता यांपैकी काही पक्षी दहा महिने भूमीवर उतरतच नाहीत, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. अशा पक्ष्याचे स्थिर चित्र काढणे म्हणजे जे त्याचे नाही तेच काढणे होय.

बाल्लासमोर एक साधन होते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्यँ-ज्यूल मारे याने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला बारा या वेगाने उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. पुढे एकाच काचेवर क्रमाने अनेक प्रतिमा उमटविण्याची रीतही त्याने सिद्ध केली. १९१२ साली बाल्लाने साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे चित्र अशाच अनेक पायांनिशी काढले होते. पाकोळ्यांच्या चित्रात तो एक पाऊल पुढे गेला. येथे कुत्रा नाही, साखळी नाही. गती हाच विषय उरला आहे. चित्र अमूर्ताकडे झुकते ते या कारणाने.

आता प्रश्न असा की, या आकृती अनेक पक्ष्यांच्या आहेत, की एकाच पक्ष्याच्या अनेक क्षणांच्या? चित्र याचे उत्तर देत नाही. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे मिलिंदपञ्हातील दिव्याचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहणार नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच म्हणता येत नाही, आणि अगदी वेगळीही म्हणता येत नाही. विसुद्धिमग्गात याच संदर्भात एक मार्मिक निरीक्षण आहे : अनित्यतेचे लक्षण आपल्याला दिसत नाही, कारण संतती, म्हणजे अखंड वाटणारा प्रवाह, ते झाकून टाकते.

या दृष्टीने पाहता चित्रात दोन परस्परविरोधी गोष्टी चाललेल्या आहेत. आकृती संततीला तोडतात. रेषा तिला पुन्हा जोडते. कोणत्याही पक्ष्याने आपल्यामागे अशी रेषा सोडलेली नाही. ती पाहणाऱ्याच्या स्मरणाने ओढलेली आहे. अभिधम्माच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'वाट' ही पञ्ञत्ति आहे, व्यवहारासाठी दिलेले नाव. आमच्या मते चित्राचे बळ या विरोधातच आहे, केवळ वेगात नाही.

धम्मपदाच्या अरहन्तवग्गातील ९२ आणि ९३ या गाथांत अर्हताच्या गतीला आकाशातील पक्ष्यांच्या मागाची उपमा आहे : तो माग काढता येत नाही. या उपमेचे पुष्कळदा गूढरम्य विवेचन होते. अट्ठकथा मात्र पहिल्या गाथेची कथा बेलट्ठसीस या भिक्षूशी जोडते, जो वाळविलेला भात साठवून ठेवीत असे. आणि त्या निमित्ताने अन्नसंचय न करण्याचा नियम झाला. म्हणजे विषय आकाशाचा नसून आचरणाचा आहे. ज्याने काही साठविले नाही, त्याचा माग कशावरून काढणार?

येथेच सावध राहिले पाहिजे. बाल्लाच्या चित्रात बौद्ध विचार आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो ज्या फ्यूचरिस्ट संप्रदायाचा होता, त्याच्या १९०९ सालच्या जाहीरनाम्यात मारिनेत्तीने युद्धाचा उघड गौरव केला. १९१० साली चित्रकारांचा जो जाहीरनामा निघाला, त्यावर बाल्लाची स्वाक्षरी आहे. वेगाचे वेड आणि अनित्यतेचे ज्ञान यांत मोठे अंतर आहे. वेगाचा उपासक क्षणांचा संचयच करीत असतो. चांगले दिसले की ते आपलेच, असे म्हणण्याची घाई आपल्या लेखनातही अधूनमधून डोकावते, म्हणून हे स्पष्ट नोंदविले.

वाचकांना या चित्राची छापील प्रतिकृती मिळाल्यास त्यांनी प्रथम वक्र रेषांकडे दुर्लक्ष करून केवळ आकृती पाहाव्यात, आणि मग आकृती सोडून केवळ रेषा. दुसऱ्या खेपेस पक्षी किती उरतात, हे मोजून पाहावे.