शेतातला ससा पाळणे गुन्हा, मग मकाव कसा चालतो?

भुसावळ परिसरातील शेतात सशाचे पिल्लू दिसले की, ‘आई सोडून गेली’ असे समजून ते घरी आणले जाते. आणू नका. रानससा बीळ करत नाही. पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. आई पाजण्यापुरतीच येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला पाळणे गुन्हाच. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

दक्षिण अमेरिकेतला निळा-पिवळा मकाव परदेशी, म्हणून ठेवता येतो; मात्र २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी हवी. तो पन्नास वर्षेही जगतो, म्हणजे पुढे मुलांच्याच गळ्यात! आणि आपला हिरवा पोपट? त्याला पिंजऱ्यात ठेवणेही बेकायदाच.