छातीपेक्षा तंगडी, तंगडीपेक्षा कलेजी

व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी बोनलेस ब्रेस्टला जो मान मिळवून दिला, तो प्रथिनांपुरता रास्तच आहे. कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अडीच-तीन ग्रॅम चरबी असते. या प्रथिनांत लायसीन भरपूर. गहू, ज्वारी, तांदळात नेमकं तेच तोकडं पडतं. पण आपल्या ताटाची उणीव प्रथिनांवर संपत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे लोहाची कमतरता, आणि या बाबतीत लाडकं ब्रेस्ट फारच कोरडं: १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास.

असं का, याचं उत्तर पक्ष्याच्या चालीत आहे. कोंबडी दिवसभर चालते, उकरते, उडते क्वचितच. सतत राबणाऱ्या पायांच्या स्नायूंना प्राणवायूचा साठा लागतो. तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन लोहयुक्त असतं आणि त्यानेच तंगडीचं मांस काळपट दिसतं. तिथे लोह ब्रेस्टपेक्षा अधिक, जस्त तर दुपटीहून जास्त. खरा खजिना मात्र कलेजीत. १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह, शिवाय फोलेट, बी-१२ आणि जीवनसत्त्व अ. अनेक गिऱ्हाइकं ती दुकानातच सोडून येतात, हे मला अजब वाटतं.

यावर कुणी म्हणेल, बाजरीत तंगडीपेक्षा कितीतरी जास्त लोह असताना कोंबडीचं कौतुक कशाला? आकडा खरा आहे, पण धान्यातलं फायटेट त्या लोहाला जखडून ठेवतं आणि आतड्यातून फार थोडं रक्तात उतरतं. मांसातलं हीम लोह या अडवणुकीतून बरंचसं सुटतं. एवढंच नव्हे, मांस त्याच घासांबरोबर पोटात गेलं, तर भाकरीतलं आणि डाळीतलं लोहही अधिक शोषलं जातं. त्यामुळे रविवारी एकदाच पाऊण किलोवर ताव मारण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा भाकरीसोबत दोन-तीन फोडी, हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. कोंबडीचं मोल ती भाकरीची जोडीदार झाली की वाढतं. शाकाहारी ताटात हे काम काही अंशी लिंबू आणि आवळा करतात, हेही सांगायला हवं. मटणात लोह जास्त असतं खरं, पण त्याचा भाव पाहता ते रोजच्या ताटात येणं अवघडच.

ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, हा समज मात्र आता सोडायला हरकत नाही. त्याची झपाट्याची वाढ निवडक पैदाशीतून आणि खाद्यातून येते. प्रतिजैविकांची काळजी खरी आहे. कोलिस्टिन हे माणसांवरच्या उपचारातलं अखेरचं औषध कोंबड्यांना द्यायला भारताने २०१९मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. कलेजीलाही मर्यादा आहे: जीवनसत्त्व अ तिच्यात इतकं असतं, की गर्भवतींनी ती डॉक्टरांना विचारूनच खावी. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा थोडी पुरे. आणि जेवणावर लगेच चहा नको. त्यातलं टॅनिन भाकरीतल्या लोहाची वाट पुन्हा अडवतं.