कमरेमागची पोकळी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळ्या भरून निघालेला ट्रक, अंबड-घनसावंगीकडून मोसंबी घेऊन येणारा टेम्पो, भोकरदन-जाफराबादच्या रस्त्यावर प्रवासी वाहणारी जुनी जीप. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी असते. इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलले जाते, टायर बदलले जातात, ब्रेक तपासले जातात. पण चालक ज्या सीटवर दिवसाचे आठ-दहा तास काढतो, ती मात्र गाडी घेतली तेव्हाचीच असते आणि दर महिन्याला थोडी आणखी खचत असते.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशा चालकाची तक्रार ठरलेली असते. ‘गाडीतून उतरलो की कंबर सरळच होत नाही, चार पावले वाकून चालावे लागते.’ त्याने तोवर इंजेक्शने घेतलेली असतात, मलम चोळलेले असते, कमरेला पट्टा बांधलेला असतो. पट्टा बांधल्याने कंबरदुखी टळते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. सीट कशी आहे, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

बसल्यावर काय होते?

उभ्या माणसाची पाठ बाजूने पाहिली, तर कमरेपाशी मणके पुढच्या बाजूला झुकलेले दिसतात आणि मागे एक खोलगट बाक तयार होतो. या बाकामुळे शरीराचा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर नीट वाटला जातो. माणूस बसला की ओटीपोटाचे हाड मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. अमेरिकेतील मेंदू व मणक्यांचे शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी वेगवेगळ्या स्थितींतले एक्स-रे काढून ही गोष्ट 1953 मध्ये दाखवून दिली. पाठ अशी गोल राहिली की चकतीचा पुढचा भाग दाबला जातो आणि मागच्या भागावर ताण येतो. पायाकडे जाणाऱ्या नसा याच मागच्या बाजूला असतात.

पाय लांब पसरून बसावे लागले, तर त्रास वाढतो. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. गुडघा सरळ झाला की ते ताणले जातात आणि ओटीपोटाला आणखी मागे ओढतात. जुन्या स्पोर्ट्स मोटारी दिसायला देखण्या, पण त्यांची सीट जमिनीलगत असते आणि पाय समोर पसरलेले राहतात. मारुती 800 सारख्या जुन्या छोट्या मोटारीतही उंच माणसाची अवस्था फारशी वेगळी नसते. ट्रक-जीपमध्ये सीट उंच असते, पण तिची पाठ सपाट फळीसारखी असते आणि बैठकीचा मध्य खचलेला असतो. कारण वेगळे असले तरी परिणाम एकच, कमरेमागे पोकळी राहते.

त्यात हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वात जास्त प्रतिसाद देतो आणि वाहनांचे हादरे बरेचदा याच टप्प्यात येतात. सीटचा फोम चांगला असेल तर तो काही धक्का पचवतो. फोमचा भुगा झाला असेल तर खड्ड्याचा दणका थेट मणक्याला बसतो. 1975 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जेनिफर केल्सी यांच्या अभ्यासात, नोकरीचा निम्म्याहून अधिक वेळ वाहन चालवणाऱ्यांमध्ये चकती सरकण्याचा धोका इतरांच्या जवळपास तिप्पट दिसला होता.

यावरचा उपायही जुनाच आहे. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात अँडरसन आणि सहकाऱ्यांनी चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. सीटची पाठ थोडी मागे कलती ठेवली आणि कमरेमागे आधार दिला की हा दाब कमी होतो, असे त्यांना आढळले. आज नव्या महागड्या मोटारींत कमरेचा आधार पुढे-मागे करण्याचे बटण असते. जुन्या गाडीत ते नाही, म्हणून चालकाने त्रास सोसत राहावे असे नाही.

आधी बैठक, मग कंबर

बहुतेकांची चूक इथे होते. बाजारातून जाडजूड उशी आणून पाठीमागे ठेवली जाते, पण खचलेली बैठक तशीच राहते. बुड खड्ड्यात आणि कंबर उशीवर असेल, तर आधार नेमका चुकीच्या मणक्यावर येतो.

म्हणून आधी बैठक तपासावी. सीटच्या मध्यावर मुठीने जोरात दाबावे. खाली पत्रा किंवा स्प्रिंग हाताला लागली, तर फोम संपला आहे. सीट उलटी करून खालच्या स्प्रिंगा आणि पट्टे पाहावेत. तुटलेले असतील तर आधी ते बदलावेत. मग कुशनवाल्याकडून बैठकीला दाट, कडक फोम आणि त्यावर मऊ फोमचा पातळ थर घालून घ्यावा. नुसते कव्हर बदलल्याने सीट नवी दिसते, कमरेला त्याचा उपयोग नाही. मण्यांच्या आसनाने घाम कमी येतो, पण पोकळी भरत नाही.

यानंतर कमरेचा आधार. बुड सीटच्या मागच्या टोकाला पूर्ण टेकवून बसावे आणि हात पाठीमागे घालावा. पँटच्या पट्ट्याच्या किंचित वर जिथे हात सहज आत जातो, ती जागा भरायची आहे. अंगाचा साधा टॉवेल घडी करून सैल गुंडाळावा आणि तिथे आडवा ठेवावा. टेकल्यावर त्याची जाडी दोन ते तीन बोटे उरली की पुरे. आधार जाणवावा, पण ढकलल्यासारखे वाटू नये. टोचत असेल तर एक घडी कमी करावी, बरगड्यांना लागत असेल तर खाली सरकवावा.

आठवडाभर टॉवेलवर गाडी चालवून पाहावी. जागा आणि जाडी जमली की सीटवर खडूने खूण करावी आणि तेवढाच फोम कुशनवाल्याकडून आत बसवून घ्यावा. एकाच ट्रकवर दोन चालक असतील, तर कायमचा फोम न बसवता पट्ट्याने बांधायची काढती उशी करावी. एकाची उंची दुसऱ्याला चालत नाही.

आधार बसवल्यावर चालक थोडा पुढे येतो, म्हणून सीट पुन्हा जुळवावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीटची पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे कललेली असावी. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे. मागच्या खिशातले पाकीट बसण्यापूर्वी काढून ठेवावे. त्यामुळे ओटीपोट एका बाजूला कलते.

उतरायला विसरू नये

उत्तम सीटही तासन्‌तास एकाच स्थितीत बसण्याची भरपाई करू शकत नाही. चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होते आणि हालचालीने त्याला मदत होते. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर हादरे कमी, पण न थांबण्याचा मोह मोठा. दीड-दोन तासांनी गाडी सुरक्षित जागी थांबवून पाच मिनिटे चालावे. मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 मध्येही दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांपूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. गाडी थांबताच पोते किंवा क्रेट उचलायला धावू नये. बराच वेळ वाकलेली पाठ सैलावलेली असते; आधी थोडे चालावे, मग ओझ्याला हात लावावा.

टॉवेलवर भागत नाही अशीही दुखणी असतात. पायात बळ कमी होणे, पाऊल उचलताना अडखळणे, कमरेसोबत ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा रात्रीची झोपमोड करणारे दुखणे असेल तर डॉक्टरांकडे जावे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या भागाला बधिरता आली, तर घटकाभरही थांबू नये. नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे उपचाराचा हिशेब दिवसांत नव्हे, तासांत करावा लागतो.

बाकी बहुसंख्य चालकांसाठी सुरुवात सोपी आहे. गाडी पुढच्या वेळी गॅरेजला जाईल, तेव्हा टायरच्या हवेबरोबर सीटवरही एकदा मूठ दाबून पाहावी.