वढू बुद्रुकचं 'माहेर'

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक म्हटलं की संभाजी महाराजांची समाधी आठवते. याच गावातलं 'माहेर' हे निराधारांचं घरही माहीत हवं.

त्याची सुरुवात एका घटनेतून झाली. 1991 मध्ये एक गरोदर बाई सिस्टर लूसी कुरियन यांच्याकडे आसरा मागायला आली. सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. लूसींनी दवाखान्यात नेलं, पण ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली.

1997 मध्ये लूसींनी वढूत बायकांसाठी हे घर उघडलं, जात-धर्म न विचारता. पुढे अनाथ मुलं, रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायका, निराधार पुरुषही सामावले. आसरा मागणाऱ्या बाईला छप्पर त्याच रात्री लागतं, हे लूसींनी ओळखलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

शिरूर-दौंडकडे आसऱ्याची गरज असलेली बाई दिसली तर 181 ला, एकटं मूल दिसलं तर 1098 ला लगेच फोन करा.