वऱ्हाडचा न्यायाधीश कोण निवडतो?

अमेरिकेतल्या कान्सस राज्यात न्यायाधीश निवडणुकीने यावा की समितीच्या शिफारशीने, हे त्या-त्या न्यायिक जिल्ह्यातले मतदार ठरवतात. अमरावती-अकोल्याच्या माणसाला असा प्रश्न कधी कोणी विचारला आहे काय?

मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेत मिटत. तिथे बसणारे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार निवडलेले नसत. वतनाने आलेले असत. त्यांना गावाची खडान्‌खडा माहिती असे, पण वतन नसलेल्याचा शब्द तिथे क्वचितच चाले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले आणि सारा वसूल करणारा अधिकारीच खटलेही ऐकू लागला. तो गावच्या भावकीबाहेरचा होता, तसाच गावाच्या भाषेबाहेरचाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड पंचायत कायद्याने न्यायपंचायतींची तरतूद केली. 1956 मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातही गावांच्या गटासाठी न्यायपंचायत होती आणि तिचे सदस्य ग्रामपंचायतींनी निवडायचे होते. न्याय करणारा माणूस निवडण्याचा अधिकार कायद्याने गावाच्या हाती आला. पण निवडणुकीबरोबर गटबाजीही न्यायासनावर येऊन बसते, हा आक्षेप जुनाच आहे. 1975 मध्ये महाराष्ट्राने ते प्रकरण कायद्यातून वगळले.

आज कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो. संविधानाच्या अनुच्छेद 234 नुसार आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून राज्यपाल त्याची नेमणूक करतात. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या न्यायासनावर कोण बसणार, यात तिथल्या माणसाला मत नाही. आणि ते एका परीने बरेच आहे. ज्याच्या मतांवर निवडून यायचे, त्याच्याविरुद्ध निकाल देणे अवघड असते.

मग जवळीक आणि निःपक्षपात यांतले एकच निवडायचे काय? 1986 मध्ये विधी आयोगाच्या 114 व्या अहवालाने मधली वाट सुचवली होती: प्रशिक्षित न्यायाधीश आणि त्याच्या जोडीला दोन सामान्य नागरिक. 2008 च्या ग्रामन्यायालय कायद्याने गावोगाव फिरणारा न्यायाधिकारी घेतला, ते दोन नागरिक मात्र गाळले. न्यायालय गावापर्यंत येऊ शकते; गाव न्यायासनापर्यंत पोचलेले नाही. मेळघाटातल्या कोरकू बाईची जमीन पणाला लागते तेव्हा कायदा जाणणारा हवा, तसा तिचे जगणे जाणणाराही हवा. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांचा विचार पुन्हा व्हायला हवा.