रिकामी गव्हाण

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, येशूजन्माच्या कथेत, बैल नाही. गाढव नाही, उंट नाही, थंडीचा उल्लेखही नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा ती पानं उलटून पाहिली, कारण वसईतल्या आमच्या वाडीत बैलाशिवाय नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, कुणी कल्पिलाच नव्हता. येशूच्या जन्माची हकीकत चारपैकी दोनच शुभवर्तमानं सांगतात. लूक मेंढपाळांना आणतो, मत्तय पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना. ही माणसं किती होती तेही मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, म्हणून पुढे माणसंही तीन झाली, आणि आणखी पुढे ते राजे झाले.

मग बैल आला कुठून? येशूच्या जन्माआधी सुमारे सातशे वर्षं यशया नावाचा संदेष्टा होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच देवाची एक व्यथा आहे: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझी माणसं मला ओळखत नाहीत. लूकने बाळाला गव्हाणीत निजवलं असं म्हटलं आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना यशयाची गव्हाण आठवली. चौथ्या शतकातल्या काही दगडी शवपेट्यांवर बाळाशेजारी आई मरिया नाही, योसेफ नाही, पण बैल आणि गाढव मात्र आहेत! ज्यांनी ओळखलं, त्यांना आधी जागा. लहानपणी मी मातीच्या बैलाचं मोडलेलं शिंग डिंकाने चिकटवायचो, तेव्हा एवढी जुनी गोष्ट हातात धरलीय याची मला कल्पनाही नव्हती.

गोठ्याची तयारी नाचणीपासून सुरू व्हायची. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी मूठभर नाचणी रात्रभर भिजत घालायची. करवंट्यांत आणि कान तुटलेल्या बश्यांत माती भरायची, त्यावर दाणे दाट पसरायचे आणि वरून ओलं फडकं. घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरतात तसंच हे, फक्त इथे उगवलेलं कोवळं गवत बेथलेहेमचं कुरण व्हायचं. दोन-तीन दिवसांनी फडकं उचललं की खाली पांढुरके, जवळजवळ पारदर्शक कोंब. मला वाटायचं, बी आजारी पडलंय. आजी बश्या उन्हात ठेवायची आणि एका दिवसात सगळं पोपटी व्हायचं. अंधारात कोंब दाण्यातल्या साठ्यावरच वाढतो. हिरवा रंग उजेड लागल्यावर धरतो. घाईने लवकर पेरलं तर चोवीस तारखेपर्यंत गवत आडवं पडतं, उशीर झाला तर माती दिसत राहते. गहू भराभर उंच होतो, नाचणीची हिरवळ बारीक आणि मऊ. म्हणून पुढे नाचणी, डोंगराच्या पायथ्याला गहू.

बांबूची चौकट, भाताचा पेंढा, रंगवलेल्या कागदाचे डोंगर, तारा असं सगळं आठवडाभर आधी तयार असायचं. मेंढपाळ उभे, मरिया आणि योसेफ गुडघे टेकून खाली बघताहेत, आणि मधली गव्हाण रिकामी. बाळ कपाटात, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेलं. ‘आत्ताच ठेवू या ना’ म्हटलं की आजी म्हणायची, ‘अजून जन्मलाय कुठे?’

चर्चमध्येही हेच वाट पाहणं चाललेलं असतं. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा आगमनकाळ. धर्मगुरूंचा झगा जांभळा, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो. आणि एक गोष्ट मला अजूनही थरारून टाकते: या चार रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. ग्लोरियाचे सुरुवातीचे शब्द लूकच्या कथेतल्या देवदूतांचे, जन्माच्या रात्री मेंढपाळांनी ऐकलेले. ते आवरून धरतात आणि नाताळच्या मध्यरात्री मोकळे सोडतात. आमच्याकडे त्याच क्षणी घंटा वाजायच्या, दिवे लागायचे आणि बाळ गव्हाणीत यायचं.

या वाट पाहण्याला मराठीतही जुनी जागा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 साली राचोलला छापलं गेलं. त्याचं पहिलं पुराण अख्खं येशूच्या आधीच्या काळाचं आहे: सृष्टी, पाप, संदेष्टे, वाट पाहणं. येशूचं चरित्र दुसऱ्या पुराणात. नाताळचा अर्थ सांगायचा तर इतक्या लांबून सुरुवात करावी लागते, हे त्या माणसाने ओळखलं होतं.

लूकची मांडणी तर विलक्षण आहे. कथा उघडते ती रोमच्या सम्राट ऑगस्टसच्या फर्मानाने: सगळ्यांची शिरगणती व्हावी. ज्याच्या हुकमासरशी गरोदर बाईला घर सोडून बेथलेहेमपर्यंत जावं लागतं, त्याची कथेतली भूमिका एवढ्यावरच संपते. मग कॅमेरा फिरावा तशी कथा वळते, आणि आपण पाहतो ते जागा नाही म्हणून जनावरांच्या गव्हाणीत निजवलेलं बाळ. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, हा देव आहे. देवाने माणसाला दुरून संदेश धाडला नाही. तो स्वतः भूक लागणारं, रडणारं, दुसऱ्याने उचलून घ्यावं लागणारं मूल झाला.

पण गव्हाणच का? मी कितीतरी वर्षं तिला पाळणा समजत होतो. गव्हाणीत जनावरं खातात. ती अन्नाची जागा आहे. संत फ्रान्सिसने हे 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी उघड करून दाखवलं. नाताळच्या रात्री त्याने गव्हाण मांडवली, गवत आणवलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. मशाली घेऊन गावकरी जमले. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, उपधर्मगुरू होता. त्याने शुभवर्तमान गायलं आणि प्रवचन केलं. मिस्सा झाली ती त्या गव्हाणीवरच. मिस्सेत भाकर येशूचं शरीर होते आणि श्रद्धावंत ती खातात. जनावरांच्या खाण्याच्या जागी निजलेलं बाळ माणसांचं अन्न होतं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्माचार्यांनी प्रवचनांत मांडलेला हा विचार त्या रात्री साध्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला.

नाताळात वसईच्या निर्मळ, नंदाखाल भागात गोठे बघायला गेलात, तर रोषणाई आणि धबधबे नंतर बघा. आधी वाकून गव्हाण बघा: मुलांनी पाळणा केलाय की खरीखुरी, गुरांना वैरण घालायची गव्हाण?